टेक्सासमध्ये अपील कोर्टाचा न्यायाधीश निवडून येतो, म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न कोल्हापूरच्या एका गृहस्थांचा आहे. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत. ते लिहितात: "माझी भाची ह्यूस्टनला असते. नऊ वर्षांची असताना आईवडिलांबरोबर गेली, आता लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, मामा, मला कोर्ट ऑफ अपील्सची जज व्हायचंय, पण त्याला निवडणूक लढवावी लागते. मी तीस वर्षं कोर्टात काढली. जज मतं मागतो, वर्गणी गोळा करतो, पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो, हे मला काही पचेना. मग न्याय कसला? हे खरं आहे का? आणि असलं तर पोरीनं या भानगडीत पडावं का? तिच्या आडनावात दोन जोडाक्षरं आहेत, त्याचीही काळजी वाटते."

खरं आहे. मी नागपूरला कायदा शिकले, लग्नानंतर इकडे आले, इथे पुन्हा एक पदवी घेतली, टेक्सासच्या बारची परीक्षा दिली आणि गेली वीस-एक वर्षं ह्यूस्टनमध्ये फक्त अपिलांचं काम करते. ज्यांच्यापुढे मी उभी राहते ते न्यायाधीश एक तर निवडून आलेले असतात, नाहीतर गव्हर्नरनं (राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखानं) नेमलेले आणि पुढच्या निवडणुकीच्या धास्तीत असलेले. सुरुवातीला मलाही पचलं नव्हतं. आता पचलंय असं नाही, सवय झालीय.

पण तुमचा खरा प्रश्न निवडणूक असते की नसते हा नाही. ज्या कामाला पंधरा-वीस वर्षांची तयारी लागते, त्या खुर्चीवर कोण बसणार हे ठरवणाऱ्या मतदाराला त्या कामाची ओळखच नसते. मग ती तयारी करावी कशाच्या भरवशावर, हा तुमचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर भाचीच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, ते ओघात सांगते.

आधी काम काय असतं ते बघू, कारण निवडणुकीच्या गोंगाटात तेच हरवतं. खालच्या कोर्टाचा निकाल लागला की पहिलं अपील राज्याच्या अपील कोर्टात जातं. (फाशीच्या शिक्षेचं तेवढं थेट वर जातं.) अशी चौदा कोर्टं होती, मिळून ८० न्यायाधीश. १ सप्टेंबर २०२४ पासून पंधरावं सुरू झालं, मुख्यतः सरकार पक्षकार असलेल्या आणि नव्या बिझनेस कोर्टातून येणाऱ्या अपिलांसाठी. ह्यूस्टनची गंमत अशी की इथे एकाच इमारतीत दोन अपील कोर्टं आहेत, पहिलं आणि चौदावं. प्रत्येकी नऊ न्यायाधीश, आणि हद्दही तीच, दहा काउंट्यांची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). तुमचं अपील कुठल्या कोर्टात पडणार हे चिठ्ठी उचलल्यासारखं ठरतं. इमारत १९१० ची, घुमटवाली. आत पाऊल टाकलं की आपल्याकडच्या जुन्या हायकोर्टाची आठवण येते, फक्त गर्दी नाही आणि चहावाला नाही.

साक्षीदार नाही, ज्यूरी नाही, सगळा खेळ कागदाचा. खाली काय घडलं त्याचं रेकॉर्ड येतं, त्यावर दोन्ही बाजू ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहितात. अपिलकर्त्याला १५,००० शब्दांची मर्यादा. तीन न्यायाधीशांचं पॅनेल बसतं. पुष्कळ अपिलांत तोंडी युक्तिवाद होतच नाही. झाला तर प्रत्येक बाजूला वीसेक मिनिटं, समोर दिवा: हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की वाक्य अर्धं असलं तरी "थँक यू" म्हणून गप्प बसायचं.

तुम्ही शिरस्तेदार होता म्हणून पटकन कळेल असं सांगते. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली दुसरं अपील करताना कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो, पुराव्याची पुन्हा चिरफाड करून मिळत नाही. इथे पहिल्याच अपिलात बऱ्याच अंशी तो बाणा असतो. ज्यूरीनं एका साक्षीदारावर विश्वास ठेवला असेल, तर "आम्हाला तो खोटारडा वाटला" एवढ्यावर अपील कोर्ट निकाल फिरवू शकत नाही. खाली वकिलानं वेळेवर हरकत नोंदवली नसेल तर बहुतेक वेळा मुद्दा तिथेच मेला. माझा अर्धा दिवस रेकॉर्डच्या दोन-तीन हजार पानांत ती हरकत शोधण्यात जातो. आणि निकाल द्यायला तिघांतले दोघं तरी लागतात. कारणं लिहून द्यावी लागतात, ती छापली जातात, वर राज्याचं सुप्रीम कोर्ट आणि फौजदारीसाठी वेगळं सर्वोच्च कोर्ट बसलेलं असतं. एकट्या न्यायाधीशाला वाटलं म्हणून कुणाचं भलं करता येत नाही. "मग न्याय कसला" याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता पात्रता. वय किमान ३५, वकील किंवा न्यायाधीश म्हणून दहा वर्षांचा अनुभव, टेक्सासमध्ये वास्तव्य आणि अमेरिकेचं नागरिकत्व. जन्मानं नागरिक असायची अट नाही. कासरगोडला बिड्या वळून शिकलेले सुरेंद्रन पटेल २०२२ साली ह्यूस्टनला लागून असलेल्या फोर्ट बेंड काउंटीत न्यायाधीश म्हणून निवडून आले, ती बातमी तुम्ही वाचली असेल. ते २००७ मध्ये इथे आले, नागरिकत्व २०१७ चं. ते मात्र खालचं, खटला चालवणारं कोर्ट. तुमच्या भाचीचं नागरिकत्व झालंय की घरच्यांचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रांगेत असेल तर बाकी चर्चा तूर्त बाजूला ठेवा. भारतीयांची ती रांग किती लांब असते ते इथलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश, मग जिल्हा न्यायाधीश, मग नशीब असेल तर हायकोर्ट, अशी जी चढण असते, ती इथे नाही. खालच्या कोर्टाचा न्यायाधीश अपील कोर्टात येऊ शकतो, पण बढतीनं नाही, पुन्हा निवडणूक लढवून किंवा गव्हर्नरच्या नेमणुकीनं. सरळ वकिलीतून येणारेही पुष्कळ.

मग तयारी म्हणजे काय? मी ज्यांना चांगले न्यायाधीश मानते, त्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात एकाच ठिकाणी झालेली दिसते: लॉ स्कूल संपल्या संपल्या एक-दोन वर्षं अपील कोर्टाच्या न्यायाधीशाकडे ब्रीफिंग अटर्नी, म्हणजे मदतनीस वकील, म्हणून नोकरी. पगार बेताचा. पण न्यायाधीश ब्रीफ वाचताना कुठे कंटाळतो, कुठे पेन्सिलीनं रेघ मारतो, हे आतून बघायला मिळतं. पुढे वाटा फुटतात. कोणी जिल्हा सरकारी वकिलाच्या कार्यालयात अपील विभागात जातं, तिथे फौजदारी अपिलांचा पाऊस असतो. कोणी राज्याच्या सॉलिसिटर जनरलकडे, कोणी माझ्यासारखं खासगी. पाचेक वर्षं झाली की राज्याच्या स्पेशलायझेशन बोर्डाची अपिलांतली परीक्षा देता येते. ती झाली की इतर वकील खटला चालू असतानाच तुम्हाला शेजारी बसवतात, हरकती नीट नोंदवल्या जाव्यात म्हणून.

पैशाचंही बघायला हवं. मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाच्या पोराला आज सव्वादोन लाख डॉलर मिळतात. अपील कोर्टात नव्यानं बसलेल्या न्यायाधीशाला, २०२५ च्या पगारवाढीनंतरही, त्याहून कमी. चाळिशीतला नावाजलेला वकील खुर्ची स्वीकारतो तेव्हा घरखर्चाचा हिशोब नव्यानं मांडूनच स्वीकारतो.

आता निवडणूक. मुदत सहा वर्षांची. मार्चमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं पक्षांतर्गत मतदान, गरज पडली तर मे महिन्यात दुसरी फेरी, नोव्हेंबरमध्ये मुख्य मतदान. मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष. मधेच जागा रिकामी झाली तर गव्हर्नर नेमतो, राज्याची सिनेट मंजुरी देते, आणि त्या माणसाला पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांपुढे जावंच लागतं. न्यायाधीश निवडून द्यायची पद्धत टेक्सासमध्ये १८५० पासूनची. गव्हर्नरच्या हातात सगळं नको, लोकांच्या हातात असू दे, असा त्यामागचा विचार. विचार वाईट नव्हता. फक्त तेव्हा मतदार न्यायाधीशाला ओळखत असे. आज ह्यूस्टन ज्यात येतं त्या एकट्या हॅरिस काउंटीची वस्ती २०२० च्या जनगणनेत ४७ लाख होती, आणि मतपत्रिकेवर न्यायाधीशांच्याच डझनावारी जागा असतात. मी याच धंद्यातली, तरी खालच्या कोर्टांतली निम्मी नावं मला माहीत नसतात.

मग मतदार काय बघतो? पक्ष. आणि पक्ष सारखा असेल, म्हणजे प्रायमरीत, तर नाव. आपल्याकडे नामसाधर्म्याचे उमेदवार उभे करतात ना, तसाच प्रकार, पण कुणी मुद्दाम उभा न करता. १९७६ ची गोष्ट इथले वकील अजून सांगतात. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत चार्ल्स बॅरो उभे होते. सान अँटोनियोच्या अपील कोर्टाचे मुख्य न्यायाधीश, वकिलांचा कौल भरभरून त्यांच्या बाजूला. समोर डॉन यार्ब्रो नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला तरुण वकील. पण टेक्सासच्या राजकारणात जवळपास त्याच नावाची माणसं गाजलेली होती, त्यातले एक तर अमेरिकेच्या सिनेटमध्ये होते. लोकांनी ओळखीचं नाव बघून शिक्का मारला. यार्ब्रो निवडून आला, जानेवारी १९७७ मध्ये खुर्चीवर बसला आणि जुलैत राजीनामा देऊन गेला, कारण त्याला काढायची तयारी विधिमंडळानं चालवली होती. पुढे खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. आणि त्या रिकाम्या जागी गव्हर्नरनं नेमलं कुणाला? बॅरोंना. मतदारांनी नाकारलेला माणूस दीड वर्षाच्या आत त्याच खुर्चीवर. या एका गोष्टीत सगळी पद्धत आली.

पक्षाची लाट हा दुसरा प्रकार, आणि माझ्या पिढीनं तो जास्त भोगलाय. २०१८ पर्यंत इथे एकाच खुणेत अख्ख्या पक्षाला मत देता येत असे. त्या वर्षी ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन, सान अँटोनियो या शहरांत डेमोक्रॅट्सची लाट आली आणि रिपब्लिकन न्यायाधीश पाचोळ्यासारखे उडाले. पुढच्या विधिमंडळ अधिवेशनात राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश नेथन हेक्ट यांनी सांगितलं की ८० पैकी २८ अपील न्यायाधीश नवे आहेत. ते स्वतः रिपब्लिकन, पण हा मुद्दा पक्षाचा नव्हता: २०२४ मध्ये वारं फिरलं आणि इथल्या डेमोक्रॅट न्यायाधीशांची तीच गत झाली. एका खुणेची सोय २०२० पासून बंद झाली. लोक आता तीच खूण चाळीस वेळा करतात.

त्या २०१८ च्या नोव्हेंबरमधला एक प्रसंग. एक न्यायाधीश, नाव नको, माझ्या विरोधात दोनदा निकाल दिलेला आणि दोन्ही वेळा बरोबर दिलेला. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये भेटले. हातात फायलींचा गठ्ठा. मी काहीतरी पुटपुटले. म्हणाले, "एकतीस डिसेंबरपर्यंत अकरा निकाल लिहायचे आहेत." एवढंच बोलले आणि त्यांच्या मजल्यावर उतरले. माझं स्वतःचं एक अपील ऑक्टोबरमध्ये ऐकून झालं होतं, ते जानेवारीत नव्या पॅनेलपुढे गेलं. अशिलाला समजावताना माझी पंचाईत. त्याला वाटलं मीच काहीतरी घोळ घातला.

पैशाचं विचारलंत. ह्यूस्टनसारख्या दहा लाखांवर वस्तीच्या विभागात एका निवडणुकीला एका व्यक्तीकडून ५,००० डॉलर आणि एका लॉ फर्मच्या सगळ्या माणसांकडून मिळून ३०,००० ही मर्यादा १९९५ च्या कायद्यानं घातली. पैसे कधी घ्यायचे याचीही खिडकी असते: अर्ज भरायच्या मुदतीच्या २१० दिवस आधीपासून निवडणुकीनंतर १२० दिवसांपर्यंत. देणारे कोण? मुख्यतः वकील. त्याच न्यायाधीशापुढे उभे राहणारे. मीही दिलेत, अडीचशे, पाचशे, कधी न्यायाधीश खरोखर चांगला म्हणून, कधी फंडरेझरला बोलावलं आणि न जाणं बरं दिसेना म्हणून. मला सर्वांत ओंगळ वाटते ती निवडणुकीनंतरची "लेट ट्रेन". हरलेल्याला पाठिंबा दिलेले वकील निकालाच्या आठवडाभरात जिंकलेल्याच्या नावानं चेक फाडतात. उशिराची गाडी पकडतात. कायद्यात बसतं. बघणाऱ्याला काय वाटेल?

पैशानं निकाल विकत मिळतो का, असं विचाराल तर माझा अनुभव नाही म्हणतो. तिघांचं पॅनेल, लेखी कारणं, वर तपासणारं कोर्ट, आणि बहुतेक अपिलांचं उत्तर कायद्यानं आधीच जवळपास ठरलेलं. उरतो तो दहा-पंधरा टक्के भाग (हा माझा अंदाज, आकडेवारी नाही), जिथे दोन्हीकडे तोलता येतं. तिथे न्यायाधीशाचा पिंड, त्याचं जग, त्याचा पक्ष डोकावतो. पण तो नेमलेल्या न्यायाधीशातही डोकावतो. मतदानाच्या जागी बंद दाराआड चर्चा झाली म्हणून माणूस निर्मळ होत नाही. आपल्याकडच्या कॉलेजियमबद्दल बाररूममध्ये काय बोललं जातं ते तुम्ही माझ्याहून जास्त ऐकलं असेल. टोकाची उदाहरणं मात्र आहेत. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं एका उमेदवारासाठी तीसेक लाख डॉलर ओतले. तो न्यायाधीश झाला आणि त्या कंपनीच्या अपिलात बसला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की त्यानं बाजूला व्हायला हवं होतं. पाच विरुद्ध चार, हे लक्षात घ्या.

बदलाचे प्रयत्न झाले. टेक्सासनं २०१९ मध्ये आयोग नेमला, त्यानं २०२० च्या अखेरीस आठ विरुद्ध सात मतांनी पक्षीय निवडणुकांविरुद्ध कौल दिला. पुढे काही नाही. २०२३ मध्ये न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७५ वरून ७९ करायचा प्रस्ताव होता, तोही मतदारांनी फेटाळला. तेव्हा भाची चाळिशीला येईपर्यंत पद्धत हीच राहील असं धरून चाला.

प्रचार कसा दिसतो तेही सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेशेजारी, अपील कोर्टाची एक उमेदवार उभी होती. गोरी बाई, कुणीतरी नेसवलेली साडी, हातात प्रचाराच्या छोट्या कार्डांची चवड. ताट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला अर्ध्या मिनिटात अपील कोर्ट म्हणजे काय ते सांगत होती. एका आजोबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्पीडिंगचं तिकीट माफ होईल का?" ती हसली नाही. ते काम दुसऱ्या कोर्टाचं आहे आणि तिथे तारीख कशी मागायची, हे तिनं नीट समजावून सांगितलं. मी तिथेच ठरवलं की हिला मत द्यायचं. पडली ती. लाट उलटी होती.

तर पोरीनं पडावं का या भानगडीत? माझं मत: पडावं, पण खुर्ची हे मुक्कामाचं ठिकाण धरू नये. अपिलांची वकिली हेच आयुष्याचं काम मानून त्यात पाय रोवावेत, म्हणजे सहा वर्षांनी मतदारांनी घरी पाठवलं तर परत यायला घर असतं. वर सांगितलेले लिफ्टमधले न्यायाधीश फेब्रुवारीत एका फर्ममध्ये रुजू झाले, आज माझ्याहून जास्त अपिलं त्यांच्याकडे आहेत. ज्यांनी सगळी गुंतवणूक खुर्चीत केली होती, त्यांचे हाल मी पाहिलेत. पक्षाचा प्रश्न टळत नाही. ज्या विभागात राहणार तिथे कुठला पक्ष निवडून येतो आणि तो आपल्याला मनापासून चालतो का, हे तिनं पस्तिशीच्या आत स्वतःशी स्पष्ट करावं. सोयीसाठी पक्ष बदलणारे इथेही आहेत, आणि वकील ते विसरत नाहीत. आडनावात दोन जोडाक्षरं आहेत म्हणून तुम्ही काळजी केलीय. प्रायमरीत त्याचा थोडा फटका बसतो, खोटं कशाला सांगू. नोव्हेंबरमध्ये मात्र नावापुढचा पक्षच वाचला जातो.

हे सगळं दहा-पंधरा वर्षांनंतरचं. दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या हातात दोन गोष्टी आहेत. ब्रीफिंग अटर्नीच्या जागांसाठी आत्ताच चौकशी सुरू करावी, उशीर केला तर त्या भरून जातात. आणि युक्तिवादाच्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसावं, कुणालाही बसता येतं. आदल्या रात्री दोन्ही बाजूंची ब्रीफं कोर्टाच्या साइटवरून उतरवून वाचून जायचं, ऐकून झाल्यावर निकाल कुठे जाईल ते कारणासकट वहीत लिहायचं, आणि काही महिन्यांनी निकाल आला की ताडून बघायचं. मी अजूनही लिहिते. दहांत तीन तरी चुकतात.